ढेरी कन्नौदची, भाव कुठला?

कन्नौदच्या मंडीत सोयाबीनच्या एका ढेरीचा लिलाव उरकायला मिनिटभर पुरतं. ट्रॉली रिकामी होते, ढेरी लागते, मंडीचा माणूस वही घेऊन पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका त्याच्या मागे. एक जण कोपरापर्यंत हात खुपसून ढेरीच्या पोटातला माल वर काढतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारतो आणि चार दाणे दाताखाली धरतो. कट्ट असा आवाज आला तर माल वाळलेला. दाणा नुसताच चेपला तर ओल आहे. त्याच्या दुसऱ्या हातात मोबाईल असतो. त्यावर एक नजर टाकून तो आकडा सांगतो. पाच-दहा रुपयांनी बोली चढते, थांबते, पर्ची फाटते आणि घोळका पुढच्या ढेरीकडे सरकतो.

माझ्या बहिणीचं सासर तिकडचं. पिढ्यानपिढ्या माळव्यात राहिलेलं मराठी घर. बोलण्यात निम्मी माळवी मिसळलेली. आमचे भाऊजी तीस वर्षं याच मंडीत माल घालतायत. ते एकदा म्हणाले, "चार महिने मी राबतो, आणि भाव त्या मोबाईलमधून निघतो. त्यात असतं तरी काय, हे कोणी सांगेल का?"

तेच आज पायरीपायरीने पाहू. शेतीची किंवा बाजाराची माहिती नसली तरी चालेल. आपण लातूरला किंवा वाशीमला सोयाबीन पिकवत असाल, तर आपल्या भावाची दोरीही याच खुंटीला बांधलेली आहे. आणि पुण्या-मुंबईत नुसती तेलाची पिशवी विकत घेत असाल, तर या गोष्टीतलं दुसरं टोक आपल्या हातात आहे.

आधी जागा कुठली ते सांगतो. कन्नौद हे देवास जिल्ह्यातलं तहसीलचं गाव, इंदूर-बैतूल महामार्गावर. पुढे खातेगाव आणि मग नेमावरला नर्मदा. संस्थानी काळात धार आणि देवास पवारांचे, कन्नौद मात्र होळकरांच्या इंदूर संस्थानातलं. लोकसभेला हा भाग विदिशा मतदारसंघात जातो, म्हणजे देशाचे कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान इथलेच खासदार. ही गोष्ट भाऊजी दर वेळी सांगतात आणि सांगून झाल्यावर काही बोलत नाहीत.

पूर्वी माळव्यातली काळी जमीन पावसाळ्यात बरीचशी पड ठेवत आणि रब्बीला गहू-हरभरा घेत. १९७०च्या दशकापासून त्या पडीक हंगामात सोयाबीन शिरलं. तीन-साडेतीन महिन्यांत हातात रोख पैसा देणारं पीक. लोक त्याला 'पीला सोना' म्हणू लागले. तेल काढणारे कारखाने इंदूर-देवास-उज्जैन पट्ट्यात उभे राहिले, १९८७ साली इंदूरला राष्ट्रीय संशोधन केंद्रही आलं. पक्की घरं, पोरींची लग्नं, पोरांची इंदूरची कॉलेजं, सगळं या दाण्यावर.

आता पहिली पायरी, ढेरीपाशीच. मंडीतला भाव सांगताना लोक एकच आकडा सांगतात, आणि पहिली चूक तिथेच होते. तेलाचे कारखाने, ज्यांना इकडे सगळे 'प्लांट'च म्हणतात, माल 'कंडिशन'वर घेतात: ओलावा साधारण १० टक्क्यांपर्यंत, माती-कचरा २ टक्क्यांपर्यंत, डागी दाणे थोडेच. मोबाईलवर फिरणारा भाव हा बहुतेकदा प्लांटचा असतो, तिथवर पोचवलेल्या मालाचा. आपल्या ढेरीत ओलावा १४ टक्के असेल तर वरचं पाणी तोलातून वजा होणारच, वर वाळवणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही. म्हणून शेजाऱ्याला चार हजार चारशे मिळाले आणि मला चार हजारच, यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही. लबाडी कुठे आहे हे कळण्यासाठी आधी आपला ओलावा आपल्याला माहीत हवा. मळणीनंतर दोन दिवस खळ्यावर पातळ पसरून उन्हात दिलं तरी फरक पडतो. पण पाऊस डोक्यावर आणि दुकानदाराची उधारी दारात असेल, तर ते दोन दिवस काढायचे कुठून?

दुसरी पायरी महत्त्वाची आहे. इथे जरा थांबू. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण प्लांटच्या दृष्टीने तो दोन वस्तूंचा गठ्ठा आहे. १०० किलो दाणा गाळला तर तेल निघतं जेमतेम १८ किलो. उरते ती सुमारे ८० किलो पेंड. तेल काढून घेतलेली ही पेंड बाजारात 'डीओसी' या नावाने ओळखली जाते. प्रथिनांनी भरलेली, कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जाणारी.

कागद-पेन्सिल घ्या. हिशोबापुरतं धरू की कच्चं तेल किलोला १२५ रुपये आणि डीओसी ३० रुपये. तेलाचे झाले २,२५०. डीओसीचे २,४००. एकूण ४,६५०. त्यातून गाळपाचा खर्च, गाडीभाडं आणि प्लांट-व्यापाऱ्याचा नफा वजा केला की उरतो तो आपला भाव. म्हणजे क्विंटलमागे निम्म्याहून जास्त पैसा तेलाचा नाही, पेंडीचा आहे. तेल किलोमागे १० रुपयांनी वाढलं तर आपल्या क्विंटलला १८० रुपयांची उभारी. डीओसी किलोमागे ५ रुपयांनीच पडली तर ४०० रुपयांचा खड्डा.

'तेल महागलं, मग सोयाबीन का नाही?' हा प्रश्न आपण टीव्हीवरच्या चर्चेत शंभरदा ऐकला असेल. त्याचं उत्तर या एका हिशोबात आहे.

आता मोबाईलकडे. त्याच्या पडद्यावर व्यापारी दोन गोष्टी बघतो: 'केएलसी' आणि 'शिकागो'. केएलसी म्हणजे मलेशियातल्या क्वालालंपूरच्या बाजारातला पाम तेलाचा भाव. शिकागो म्हणजे अमेरिकेतल्या वायदेबाजारातला, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या बाजारातला, सोयाबीन, तेल आणि पेंडीचा भाव. कन्नौदला माल घालणाऱ्या माणसाचा क्वालालंपूरशी काय संबंध? संबंध असा, की आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून बरंच जास्त बाहेरून येतं, वर्षाला साधारण १६० लाख टन. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोया तेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. तेलं एकमेकांची जागा घेतात. पाम स्वस्त झालं की फरसाणवाला त्याच्याकडे वळतो आणि सोया तेलालाही खाली यावं लागतं.

देश आयातीवर नेहमीच असा अवलंबून होता असं मात्र नाही. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. मग १९९४-९५ मध्ये खाद्यतेलाची आयात खुली करण्यात आली. जागतिक व्यापार संघटनेत भारताने आयात शुल्काच्या कमाल मर्यादा लिहून दिल्या. आयात शुल्क म्हणजे बाहेरचा माल बंदरात उतरताना त्यावर सरकार घेतं तो कर, आपल्या शेताचा बांधच म्हणा. पाम तेलासाठी ही मर्यादा ३०० टक्के आहे. सोया तेलासाठी ४५. म्हणजे मनात आणलं तरी सोया तेलावर दिल्लीला ४५ टक्क्यांपलीकडे शुल्क नेता येत नाही. ज्या तेलबीवर माळवा आणि मराठवाडा उभा आहे, तिचाच बांध सगळ्यांत बुटका. पेरणारा त्या टेबलाशी नव्हता, एवढंच म्हणतो.

शुल्काच्या बातमीत लोक एक घोटाळा हमखास करतात. बातमीत 'शुल्क १० टक्के' असतं आणि दुसरीकडे 'साडेसोळा' असतं. दोन्ही खरं. मूळ शुल्क १०, त्यात ५ टक्के कृषी अधिभार, झाले १५. त्या पंधरावर आणखी दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे दीड. एकूण साडेसोळा. आपण नेहमी हा शेवटचा आकडा पाहायचा.

आता हा बांध किती वेळा वर-खाली झाला ते पाहा. २०१८ साली कच्च्या सोया तेलावर मूळ शुल्क ३५ टक्क्यांपर्यंत नेलं होतं. २०२१ मध्ये महागाई वाढली तसं ते उतरवत उतरवत ऑक्टोबरमध्ये शून्यावर आणलं. युक्रेन युद्धानंतर मे २०२२ मध्ये वर्षाला २० लाख टन कच्चं सोया तेल आणि तितकंच सूर्यफूल तेल, अधिभारही न घेता, दोन वर्षांसाठी मोकळं सोडलं. १४ सप्टेंबर २०२४ पासून एकूण शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. ३० मे २०२५ ला पुन्हा साडेसोळावर. पेरणीच्या तोंडावर!

हे शेवटचे अकरा टक्के आपल्या ढेरीला किती पडले? बंदरात उतरणारं कच्चं तेल किलोला ९५ रुपये धरलं तर अकरा टक्के म्हणजे साधारण साडेदहा रुपये. गुणिले १८. क्विंटलमागे एकशे नव्वदच्या आसपास. भाऊजींच्या पन्नास क्विंटलांवर साडेनऊ हजार रुपये, एका सहीने. तेलाची पिशवी घेणाऱ्या मावशीला यातून दिलासा मिळाला असेल तर मला त्याचं दुःख नाही. तिची गरजही खरीच आहे. पण तिच्या वाट्याचा दिलासा कोणाच्या खिशातून काढला, हे पिशवीवर छापलेलं नसतं.

इथवर झाला व्यापार. आता परराष्ट्र धोरण, म्हणजे आपला देश इतर देशांशी कसा वागतो, कोणाशी जुळवतो, कोणाशी बिनसवतो. हे दिल्लीतल्या साहेबांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं वाटणं साहजिक आहे. तीन उदाहरणं देतो.

मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवरून भारतावर टीका केली. ८ जानेवारी २०२० ला भारताने शुद्ध केलेलं पाम तेल 'प्रतिबंधित' यादीत टाकलं. आदेशात मलेशियाचं नाव नव्हतं, पण रोख सगळ्यांना कळला. तेव्हा माळव्यातल्या तेलवाल्यांना बरं वाटलं. दीड वर्षात, महागाई वाढल्यावर, जून २०२१ मध्ये तीच आयात पुन्हा मोकळी झाली. राग असेतोवर दार बंद, राग उतरला की उघडं. त्यात शेतकऱ्याचा विचार आधीही नव्हता आणि नंतरही नव्हता. फायदा झाला तो योगायोगाने.

दुसरं नेपाळचं. दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार, ज्याला साफ्टा म्हणतात, २००६ पासून लागू आहे. त्याखाली नेपाळमधून येणाऱ्या तेलाला आपल्याकडे शुल्क लागत नाही. आता नेपाळात सोयाबीन असं किती पिकतं? पाम तर नाहीच. तिथले कारखाने कच्चं तेल बाहेरून आणतात, शुद्ध करतात आणि सीमेपलीकडून आपल्याकडे पाठवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आपण शुल्क वाढवलं आणि नेपाळहून येणाऱ्या तेलाचा ओघ लगेच वाढला. पुढच्या दाराला कडी लावली आणि परसदार उघडंच. कडी का लावत नाहीत? कारण काठमांडूला दुखवायचं नाही. पलीकडे चीन बसलेला आहे. कारण समजण्यासारखं आहे. फक्त शेजारधर्माचा हा खर्च कोणाच्या खाती लिहिला जातो, ते पाहायला हवं.

तिसरं उदाहरण इराणचं, आणि मला सगळ्यांत लागणारं. इथे तेलाचा नाही, पेंडीचा प्रश्न आहे, म्हणजे आपल्या निम्म्याहून जास्त भावाचा. इराण हे भारतीय सोया पेंडीचं मोठं गिऱ्हाईक होतं. व्यवस्था साधी होती: आपण इराणकडून खनिज तेल घ्यायचं, त्याचे पैसे रुपयांत भारतातल्याच बँकेत, मुख्यतः युको बँकेत, जमा करायचे आणि त्या रुपयांतून इराणने आपल्याकडून तांदूळ, चहा, सोया पेंड न्यायची. अमेरिकेने मे २०१८ मध्ये इराणशी झालेला अणुकरार सोडला, निर्बंध लावले. भारताला दिलेली सवलत मे २०१९ मध्ये संपली आणि आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. तेल थांबलं तसं बँकेत नवे रुपये पडणं थांबलं. साठलेले रुपये असेपर्यंत माल जात राहिला, मग हात आखडला. खळ्यावर बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच, की बोली दोनशेने कमी लागली आणि घोळका पुढे गेला.

पेंडीचं दुखणं इथेच थांबलं नाही. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन चढत चढत काही मंड्यांत दहा हजारांपर्यंत गेलं. बहुतेक शेतकऱ्यांकडे तेव्हा विकायला दाणा शिल्लक नव्हता. कोंबडीखाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जीएम सोया पेंड आयात करायला परवानगी दिली. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या वाणाची. असं सोयाबीन पेरायला आपल्याकडे बंदी आहे. पेरायचं नाही, पण त्याची पेंड आणायची. नवं पीक मंडीत येईपर्यंत भाव निम्म्यावर आले होते. त्याच डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही बंद केले.

आणि अलीकडे इथेनॉल. परदेशी खनिज तेलावर अवलंबून राहायला नको म्हणून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आलं. ते मका आणि तांदळापासून मोठ्या प्रमाणावर बनू लागलं, आणि त्यातून जो चोथा उरतो तोही प्रथिनयुक्त. त्याला 'डीडीजीएस' म्हणतात. तो डीओसीपेक्षा स्वस्त. पोल्ट्रीवाले तिकडे वळले. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये तेलावरचं शुल्क एवढं वाढवूनही सोयाबीन हमीभावाला टेकलं नाही: तेलाने वर ओढलं, पेंडीने खाली.

त्याच्या आदल्या वर्षाचं वातावरण आठवतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० देशांची शेतीवरची बैठक इंदूरला झाली होती. भिंती रंगवल्या, झाडांना दिवे लावले. भाऊजी मुद्दाम रोषणाई बघायला इंदूरला आले होते. नातवाला खांद्यावर घेऊन काढलेला फोटो अजून त्यांच्या मोबाईलवर आहे. जग आपल्याला विचारतं, हा अभिमान खोटा नव्हता. दीड वर्षाने, ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये, माळव्यात ट्रॅक्टरचे मोर्चे निघाले. मागणी क्विंटलला ६,००० ची. मंडीत तेव्हा साडेतीन ते चार हजारांनी बोली लागत होती, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या भावाच्या आसपास. डिझेल, खत, मजुरी दहा वर्षांपूर्वीची नव्हती. भाऊजींनीही ट्रॅक्टर नेला. विचारलं तर म्हणाले, "फोटो काढायला नाही गेलो या वेळी."

माळव्याला ही गोष्ट तशी नवी नाही. एके काळी इथली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. गावंच्या गावं तिच्यावर उभी होती. १९०७ साली इंग्रज सरकार आणि चीन यांच्यात दहा वर्षांत ही निर्यात संपवायचा करार झाला. अफू गेली याचं कोणी वाईट वाटून घेऊ नये. पण कराराच्या वेळी पेरणाऱ्याला कोणी विचारलं नाही, ही रीत मात्र तेव्हाचीच.

पुढची पायरी अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि रशियाचं खनिज तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के, असं ५० टक्के शुल्क लावलं. त्याच सुमारास चीनने अमेरिकेचं सोयाबीन घेणं बंद केलं होतं, म्हणून अमेरिकेला नवं गिऱ्हाईक हवं होतं. आपल्या मका-सोयाबीनसाठी दार उघडा, हा तिचा आग्रह त्यामुळे आणखी वाढला. ७ ऑगस्टला पंतप्रधानांनी दिल्लीत सांगितलं की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही.

दार उघडलं तर काय होईल, याचाही हिशोब करू. तेव्हा शिकागोत सोयाबीन साधारण १० डॉलरला एक बुशेल होतं. बुशेल हे तिकडचं माप, २७.२ किलोचं. म्हणजे क्विंटलला ३७ डॉलरच्या आत, रुपयांत ३,१०० ते ३,२००. आपला २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८. इतका फरक का? ब्राझीलमध्ये हेक्टरी तीन टनांहून जास्त पिकतं, आपल्याकडे सरासरी टनाच्या आसपास. तिथे हजारो एकरांचे पट्टे, इथे पाच-सात बिघे. बांध पूर्ण काढला तर ही लढाई एक हंगामही टिकणार नाही. तेलाच्या रूपाने बांध अर्धा आधीच निघालेला आहे, हे त्या भाषणांच्या वेळी कोणी बोललं नाही.

आता सरकार भरपाई कशी करतं ते पाहू, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथे आहे. हमीभाव, म्हणजे सरकारने जाहीर केलेली किमान आधारभूत किंमत, ही कायद्याची हमी नाही. व्यापाऱ्याने खाली घेतलं तर तो गुन्हा होत नाही. सरकार स्वतः ठरावीक प्रमाणात खरेदी करतं, साधारणपणे राज्याच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंत, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती अट १५ वर सैल केली होती. बाकीचा माल बाजाराच्या भरवशावर.

२०२५ च्या खरिपात मध्य प्रदेशाने खरेदीऐवजी भावांतर योजना आणली. भावांतर म्हणजे भावातला फरक. २४ ऑक्टोबर २०२५ ते १५ जानेवारी २०२६ या मुदतीत नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने मंडीत माल विकायचा. मंडीतल्या व्यवहारांच्या सरासरीवरून सरकार एक 'मॉडेल रेट' काढतं. समजा तो ४,००० आहे. आपण ४,३०० ला विकलं तर हमीभावापर्यंतचे १,०२८ रुपये खात्यात येतील. पण आपला माल ३,५०० ला गेला, तर फरक ३,५०० पासून मोजत नाहीत, ४,००० पासून मोजतात. १,३२८ रुपये. एकूण हाती ४,८२८. मधले पाचशे गेले.

म्हणजे ज्याचा माल भिजला, ज्याला डाग पडला, त्यालाच कमी मिळतं. दुसरी अडचण मुदतीची. सगळ्यांना त्याच अडीच-तीन महिन्यांत विकायचं असतं, मंडीत रांगा लागतात आणि भाव आणखी दबतो. २०१७ मध्ये ही योजना पहिल्यांदा आली तेव्हाही हीच तक्रार होती. तो जूनमधल्या, मंदसौरच्या शेतकरी आंदोलनातल्या गोळीबारानंतरचा काळ. तिसरी अडचण बटईने, म्हणजे अर्धेलीने, शेती करणाऱ्याची. नोंद सातबाऱ्यासारख्या कागदावर ज्याचं नाव त्याची. कसणाऱ्याने आधी लेखी करारपत्र करून नोंदणी केली नसेल तर पैसे मालकाच्या खात्यात पडतात, मग मागत फिरायचं.

यातून आपल्या हातात काय उरतं? थोडंच, पण उरतं. नोंदणीच्या वेळी शेतातल्या पिकाची नोंद बरोबर आहे का ते स्वतः पाहा; तलाठ्याने मका लिहिला आणि आपण सोयाबीन विकलं तर नंतर काही होत नाही. माल एकदम घालू नका, देणी भागतील एवढा आधी आणि उरलेला दोन-तीन खेपांत. मोबाईलवर शिकागो बघायचंच असेल तर तिथली तेलाची ओळ सोडून पेंडीची ओळ बघा. आणि शुल्काची अधिसूचना आली की तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी मत मागायला आलं तर त्या तारखा त्याला वाचून दाखवता येतात.

भाऊजींना हे सगळं मी दोन संध्याकाळी समजावून सांगितलं. पेंडीचा हिशोब त्यांनी वहीच्या मागच्या पानावर स्वतः पुन्हा मांडला, ओठ हलवत, आणि आकडा जुळल्यावर पेन बंद करून खिशाला लावलं. मग म्हणाले की २०२५ च्या पावसाळ्यात त्यांनी आठ बिघ्यांतलं सोयाबीन काढून मका लावला होता. इथेनॉलवाले घेतात, असं सगळे सांगत होते. मक्याचा हमीभाव तेव्हा २,४०० होता. त्याच हंगामात मकाही बाजारात त्याच्या बराच खाली गेला, आणि अमेरिकेच्या यादीत मकाही आहेच.

"ठीक आहे," ते म्हणाले, "मग मक्यासाठी मोबाईलवर कुठली ओळ बघायची, तेवढं लिहून द्या."

ते अजून लिहून द्यायचं राहिलं आहे.